माहेरच्या नावाने आलेले फोन

माझ्या बायकोचा फोन अजून स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असतो. ती गेली त्याला दोन वर्षं होत आली. फोन वाजला की ती गाते. आमच्याकडे लग्नात हळदीला गाणी म्हणायला तिला गावभर बोलावणं असायचं. सुनेने एकदा गंमत म्हणून तिचं एक गाणं फोनमध्ये भरलं आणि घंटीच्या जागी लावून दिलं. तेव्हा ती लाजली. "काढ गो बाय ते, लोकं हसतील," म्हणाली, पण काढू काही दिलं नाही. आता कोणाचाही फोन आला की रिकाम्या स्वयंपाकघरातून तिचा आवाज उठतो. ओळ पुरी व्हायच्या आत तुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

फोन बंद करून टाका असं मुलगा म्हणाला होता. मी केला नाही. नंबर चालू राहू दे, कोणाचं काही काम असेल, असं सांगितलं. काम कोणाचं असणार? पण मी एकदा नाही म्हटलं की मुलगा पुन्हा विचारत नाही.

एका दुपारी मी दारातल्या ओट्यावर विड्याच्या पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधत बसलो होतो. आमची समुद्राकडची वाडी, तारापूरच्या अलीकडे. पानवेल, नारळ, थोडी सुपारी. पानं ओली असताना हात थांबवता येत नाही. आतून ती गायला लागली. मी म्हटलं, गाऊ दे. दुसऱ्यांदा गायली. तिसऱ्यांदा मी उठलो आणि ओल्या हातानेच फोन उचलला.

पोरीचा आवाज होता, हिंदीत. बोईसरला कंपनीतली माणसं बोलतात तशी नाही, साफ, गोड हिंदी. "क्या मैं," असं म्हणून तिने एक नाव घेतलं, "जी से बात कर रही हूँ?"

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. ते माझ्या बायकोचं माहेरचं नाव होतं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही, हे झालंच. पण हे नाव तर घरातसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि भटजी म्हणाले, लिही नवं नाव. मी चौथी पुरी केलेली नाही. परीक्षेच्या वेळी पानवेलीला पाणी द्यायचं होतं म्हणून बापाने घरी ठेवून घेतलं. पण अक्षर माझं ठळक. मी अंगठीने तांदळात नवं नाव काढलं, सगळ्यांनी वाचलं, आणि त्या दिवसापासून जुनं नाव मिटलं. आमच्याकडे असंच असतं. बाई उंबऱ्याच्या आत येते ती नवी होऊन.

तिचं माहेर वाणगावच्या आत, डोंगराच्या बाजूला. तिची आई कधी आली तर फाटकातूनच त्या नावाने हाक मारायची, आणि माझी बायको हातातलं काम टाकून धावायची. तसं धावताना मी तिला दुसऱ्या कुठल्याच हाकेला बघितलं नाही. मग मुलगा रांगत होता तेव्हाच आई गेली, पुढे भाऊ गेला. शाळेत ती कधी गेलीच नव्हती, त्यामुळे जुनं नाव कुठल्या दाखल्यावर नव्हतं. रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, आधार, सगळीकडे मी तांदळात काढलेलं नाव. ते जुनं नाव या जगात फक्त माझ्या डोक्यात उरलं होतं, आणि मीही ते कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं.

पोरगी पुन्हा म्हणाली, "हॅलो? मॅडम हैं क्या?"

मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या हातात राहिलेल्या कवळीच्या पानांवर माझ्या बोटांचे ठसे उठले होते. ती पानं मी वेगळी काढली.

त्यानंतर फोन येतच राहिले. कधी पोरगी, कधी बाप्या, कधी नुसतं यंत्र. सगळे त्याच नावाने. कोणी विम्याचं बोलायचे, कोणी मुंबईच्या कुठल्याशा दवाखान्याचं. आणि दोन वाक्यं झाली की सगळे तिच्या आजाराचं नाव घ्यायचे.

आता आजाराचं सांगतो, पण त्याचं नाव सांगणार नाही. तो बायकांचा आजार आहे. ज्या दिवशी कळला त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून रिक्षाने परत आलो. घरी आल्यावर मागच्या दारी, विहिरीजवळ, मला म्हणाली, "आवो, गावात कोनाला कलू द्यायचं नाय. कललं तर मला नवरीला हळद लावायला कोन बोलावेल? आणि बोलावलं तरी माज्याकडे बघून बाया मान खाली घालतील. मला तसं नको."

मी म्हटलं, "नाय कळणार."

"शब्द?"

"शब्द."

आणि मी तो पाळला. दमा आहे असं गावात सांगितलं. मुलगा, सून आणि मी, तिघांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. शेवटपर्यंत तिला हळदीला बोलावणी आली. जाता येईनासं झालं तेव्हा बायका घरी येऊन तिच्या पाया पडून गेल्या, दमा म्हणूनच. तिला जाळली ती दम्याची बाई म्हणून.

म्हणून ते फोन यायला लागले तसा मी घाबरलो. मला भीती भुताची नव्हती. जे नाव माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं ते नाव, आणि जो आजार आम्ही चौघांत ठेवला तो आजार, दोन्ही एकत्र करून कोणीतरी दूर कुठेतरी बसून बोलत होतं. जणू विहिरीजवळ त्या दिवशी आमच्यामागे कोणी उभं होतं.

सून बोईसरला एका कंपनीत हिशोब बघते. तिला शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी मी तिला ओट्यावर बसवलं आणि फोन समोर ठेवला.

"बाय, बघ यात. हे नाव हिच्या फोनमधून कोणाला गेलं ते शोध."

तिने बोट फिरवत फिरवत बराच वेळ बघितलं. मग तिचा चेहरा बदलला.

"बाबा, आई एका वेबसाइटवर जायच्या. आजाराची माहिती देतात ती. तिथं मराठीत बोलून विचारता येतं. खातं उघडलंय आईंनी." ती थांबली. "नाव हे टाकलंय."

मला एकदम आठवलं. आमची ही म्हातारपणी वाचायला शिकली. सुनेनेच शिकवलं, फोनवर अक्षरं दाखवून. दुकानाच्या पाट्या वाचत चालायची, साखरेच्या पिशवीवरचं वाचायची, आणि जे लिहिलंय ते खरंच मानायची. एकदा रात्रीच्या जेवणानंतर भांडी पालथी घालताना मला म्हणाली होती, "मी एका ठिकानी विचारते सगलं. डाक्टरला विचारायची लाज वाटते ते पन. ते कोनाला सांगत नाय. तसं लिवलंय तिथं."

"नाव दिलंस?"

"दिलं, पन खरं नाय. जुनं दिलं. त्या नावाची बाई आता कोनाला गावनार?" आणि हसली होती.

मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. आताही वाटतं. मेलेलं नाव पुढे केलं, आपण मागे राहिली. आमच्यातल्या कुठल्याही बाईला हेच सुचलं असतं. फक्त तिला हे माहीत नव्हतं की नावाबरोबर नंबर जातो, आणि त्या लोकांना बाई नको असते, नंबर पुरतो.

"कुठे लिहिलंय, कोणाला सांगत नाय म्हणून?" मी सुनेला विचारलं.

तिने दाखवलं. मी चष्मा लावून स्वतः वाचलं. कुलपाचं चित्र, आणि बाजूला मराठीत, मोठ्या अक्षरात: तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे.

"आणि हे खाली बारीक काय आहे?"

"ते गोपनीयता धोरण. म्हणजे तुमची माहिती आम्ही कशी वापरणार त्याचा करार. इंग्रजीत हाय."

"वाच."

"बाबा, लय मोठं हाय. कोणी वाचत नाय हे. सगळे खालचं 'मान्य' दाबतात आणि पुढे जातात."

"मला जायचं नाय कुठं. वाच."

सून वाचायला लागली. एक ओळ इंग्रजीत, मग तिचं मराठी. सुरुवात छान होती. तुमचा विश्वास आमच्यासाठी मोलाचा, असं काहीतरी. मग आलं, आम्ही काय काय घेतो. नाव, नंबर, राहण्याचं ठिकाण, फोन कुठल्या जातीचा, काय विचारलं, कशाकडे किती वेळ बघितलं.

"किती वेळ बघितलं तेसुद्धा?"

"हो. आणि बोलून विचारलं असेल तर आवाज."

"आवाज ठेवतात?"

"'सेवा सुधारण्यासाठी आवाज साठवू शकतो', असं लिहिलंय."

वाडीत नारळाची झावळी पडली त्याचा आवाज झाला, तेव्हा दोघंही दचकलो. माझ्या मनात एकच आलं. घरात आहे तो तिचा गाण्यातला आवाज. तो दुसरा आवाज, घाबरून विचारणारा, जो तिने मलासुद्धा ऐकवला नाही, तो त्यांच्याकडे आहे.

"पुढे वाच."

"'ही माहिती आम्ही आमच्या विश्वासू भागीदारांना देऊ शकतो.'"

"कोण भागीदार?"

"नावं नाय दिलेली."

"विश्वासू कोणाचे?"

"त्यांचे असतील, बाबा."

"तिने विश्वास ठेवला यांच्यावर. यांनी ठेवला भागीदारांवर. भागीदारांनी आणखी कोणावर. आणि वर कुलपाचं चित्र."

सून म्हणाली, "थांबवू का?"

"नाय."

पुढे होतं, हे धोरण आम्ही कधीही बदलू, आणि बदललं का ते बघत राहणं तुमची जबाबदारी. इथे मला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. माझ्या वाडीतून शेजाऱ्याचा पाण्याचा पाट जातो. कागद नाही. माझ्या बापाने त्याच्या बापाला एवढंच सांगितलं होतं, ने पाणी. मध्ये आमची दोघांची बोलाचाल बंद होती, का ते आता आठवतही नाही, पण पाट मी बुजवला नाही. उन्हाळ्यात माझ्या वेली सुकत होत्या आणि पाणी डोळ्यांसमोरून त्याच्या वाडीत जायचं. बुजवायला एक फावडं पुरलं असतं. शब्द देऊन वर सांगायचं की मी बदलीन तेव्हा बदलीन, तू रोज येऊन बघत जा, ही अक्कल मला कधी आली नाही. कदाचित चौथी पुरी केली असती तर आली असती.

शेवटी सून म्हणाली, "झालं." आणि मग जरा घुटमळून, "बाबा, आईंनी विचारलेले प्रश्न पण हायत इथं. लिहून येतात आपोआप. एक तर..."

"नको."

"एकच सांगते, तुमच्याबद्दल..."

"नको म्हटलं ना गो. ते तिने त्यांना विचारलं. मला नाय."

सुनेने फोन उलटा ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणजे तिने वाचलं होतं. मी ते तिला आजपर्यंत विचारलेलं नाही.

मी ठरवलं की तिचं नाव तिथून पुसायचं. सगळं पुसायचं. गावात एखाद्या दिवशी हा फोन माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी उचलला, शेजारणीने, पाहुण्याने, तर माझा शब्द गेला. सुनेने त्यांना इंग्रजीत लिहिलं की या बाई वारल्या, यांची माहिती काढून टाका. उत्तर आलं. फार आदराने लिहिलं होतं, दुःखात सहभागी आहोत वगैरे. खातं ज्यांचं आहे त्यांनी स्वतः अर्ज करावा, किंवा ते हयात नसल्यास खात्यावर आहे त्याच नावाचा मृत्यूचा दाखला पाठवावा.

"त्या नावाचा दाखला कुठून आणणार?" सून म्हणाली.

"बघतो मी."

"बाबा, नाय मिळणार. दाखला ग्रामपंचायतीचा, आणि तो आईंच्या नावाचा."

पण मी ऐकणारा नव्हे. मी धुतलेला सदरा घालून पालघरला गेलो, तिथून कोळगावला, जिल्ह्याच्या त्या मोठ्या सरकारी इमारतीत. इतक्या मोठ्या ठिकाणी काहीतरी असेल असं मला वाटलं. खिडकीवरचा माणूस चांगला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि म्हणाला, "आजोबा, मेल्याचा दाखला देतात तो असलेल्या माणसाचा. या नावाची बाई कागदावर जन्मलेलीच नाही. मग ती मरेल कशी?"

"पण ती मेली."

"तुमची बायको मेली. तिचा दाखला तुमच्याकडे आहे."

परत येताना मी गाडीत खिडकीपाशी बसून हेच घोळवत राहिलो. मी जिला अग्नी दिला ती मी नाव ठेवलेली बाई. फाटकातून हाक आली की धावणारी जी पोरगी होती, तिला कोणी मेली म्हणून लिहिलंच नाही. कागदाला ती माहीत नाही, गावाला ती माहीत नाही. एका वेबसाइटला तेवढी माहीत आहे, आणि तिथे ती जिवंत आहे, आजारी आहे, आणि तिला रोज फोन येतात.

त्या दिवसापासून मला फोनची भीती वाटायला लागली, आणि फोनची वाटही बघायला लागलो. दोन्ही एकदमच. दुपारी वाडीतून लवकर यायचो. तिने गायला सुरुवात केली की उभा राहून ऐकायचो, मग उचलायचो. समोरून ते नाव यायचं. मी बोलायचो नाही. पलीकडचं माणूस दोनदा तीनदा त्या नावाने हाक मारायचं, हॅलो, हॅलो, आणि बंद करायचं.

एका सकाळी फोन नुसता थरथरला, गाणं नाही. मेसेज होता, मराठीत, मला वाचता आला. वर ते नाव, आणि खाली वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. त्याच वेबसाइटकडून.

आम्हाला तिचा जन्मदिवस माहीत नव्हता. आधारवर अंदाजाने टाकलेली तारीख आहे, ती वेगळी. मग ही तारीख तिने कुठून दिली? आईने कधी सांगितली असेल का, आणि तिने एवढी वर्षं पोटात ठेवली असेल? की काहीतरी भरायला हवं म्हणून उगीच दाबली? मला कधीच कळणार नाही. त्यांनाही माहीत नाही, पण तारीख त्यांच्याकडे आहे आणि माझ्याकडे नव्हती. त्या दिवशी मी तिच्या फोटोला हार घातला. सुनेने विचारलं, आज काय? मी म्हटलं, काय नाय.

पुसायचा रस्ता शेवटी सुनेलाच सापडला. त्या खात्याच्या आत कुठेतरी खोल 'खातं बंद करा' असं होतं. ते दाबलं की तिच्या फोनवर एक आकडा येतो, तो भरला की झालं. दाखला नको, काही नको.

"म्हणजे तिनेच येऊन पुसायचं," मी म्हटलं.

"हो. त्यांच्या जागी आपण."

सुनेने दाबलं. फोन माझ्या हातात थरथरला. ते नाव, आणि पुढे आकडा. हा आकडा कोणालाही सांगू नका, असंही लिहिलं होतं.

"सांगा, बाबा."

मी सांगितला नाही. मला दिसत होतं काय काय जाणार ते. न वाचलेले प्रश्न. तो दुसरा आवाज. ती तारीख. आणि त्या नावाने हाक मारणारे शेवटचे लोक. ते चोर असले तरी दुसरं कोणी नव्हतं.

"बाबा, वेळ जातोय. आकडा बाद होईल."

झाला बाद. सून आत गेली, चहा घेऊन आली, शेजारी बसली. चहा संपल्यावर मी म्हटलं, "दाब परत." शब्द दिला होता तो विहिरीजवळ दिला होता. या वेळी आकडा आला तसा मी वाचला, एकेक अंक, मोठ्याने.

पडद्यावर आलं, तुमचं खातं बंद झालं, तुमची माहिती पुसण्यात आली आहे, तुमची आठवण येईल. हे शेवटचं वाक्य सुनेने वाचून दाखवलं आणि मग तिला ते वाचल्याचं वाईट वाटलं.

फोन गप्प झाला. तो बराच काळ गप्प राहिला. स्वयंपाकघरात नुसती बरणी आणि तो. मी कवळ्या बांधायचो आणि कान आत असायचा. इतकं शांत घर मला तिच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

मग नाक्यावरचं झालं. सकाळची वेळ. पानांच्या करंड्या बोईसरला पाठवायच्या म्हणून मी चहाच्या टपरीजवळ टेम्पोची वाट बघत बसलो होतो. शेजारीही होता, ज्याचा पाट माझ्या वाडीतून जातो तो. आणखी गावातले होते, मासे घेऊन आलेल्या नवापूरच्या दोघी होत्या. मोटरसायकलवरून एक पार्सलवाला आला. चांगला पोक्त माणूस, केस पिकलेले. त्याने पिशवीतून खोकं काढलं आणि नाक्यावर उभं राहून ते नाव मोठ्याने वाचलं.

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"कुठं राहतात या? फोन करतोय, कोणी उचलत नाय."

म्हणजे घरी ती गात होती. एकटीच.

"या नावाची तर गावात पोरगी पन नाय," शेजारी म्हणाला. "आडनाव काय?"

"आडनाव नाय लिहिलेलं. पत्ता हाच हाय, गावाचं नाव, पिन सगळं."

"काय हाय त्यात?"

पार्सलवाल्याने खोकं फिरवून वाचलं. "सँपल हाय, फुकटचं," म्हणाला, आणि खोक्यावर होतं ते आजाराचं नाव त्याने वाचलं. त्या आजाराच्या बायकांनी काय घालायचं तेही वाचलं. त्याचा दोष नाही. जे लिहिलं होतं ते वाचलं.

नवापूरच्या दोघींनी पदर सारखा केला. टपरीवाला कप विसळायला वळला.

मी गप्प बसलो होतो. गप्प बसणंच बरोबर होतं. ते नाव कोणाला माहीत नव्हतं. पार्सलवाला खोकं परत नेणार होता आणि गोष्ट संपणार होती. तिचा हिशोब शेवटी बरोबरच निघाला होता, त्या नावाची बाई कोणाला गावणार नव्हती.

तेवढ्यात शेजारी हसला. "खोटं नाव असंल, भाऊ. कोनीतरी बनवून टाकलंय. अशी बाईच नाय. लिहा त्यावर, अशी बाईच नाय, आणि टाका परत."

"असंच लिहितो," पार्सलवाला म्हणाला, आणि खिशातून पेन काढलं.

मी उठलो.

"काय लिहितोस?" मी म्हटलं. "हाय अशी बाई. माझ्या घरातली हाय. आण इकडे."

शेजाऱ्याचं हसू तोंडावरच राहिलं. "वहिनी?" तो म्हणाला. "वहिनींना तर दमा..."

"तिच्या माहेरचं नाव ते. आणि तिला काय होतं ते तिचं हाय, तुझं नाय."

खोकं घेतलं, पार्सलवाल्याने सांगितलं तिथे सही केली, ठळक, आणि करंड्या तिथेच टाकून घरी आलो. खोकं उघडलं नाही. विहिरीमागे चुलीत घातलं. जळताना त्याला प्लास्टिकचा वास आला.

शब्द गेला. तो त्यांनी फोडला की मी, हे मी स्वतःशी पुष्कळदा बोललो आहे. पेन काढलेलं बघून बसून राहिलो असतो तर राहिला असता. पण मी तसा बसू शकलो नसतो, आणि आज परत तीच वेळ आली तरी मी उठेन.

तिने सांगितलं होतं तसंच झालं. त्यानंतर गल्लीत एक लग्न होतं. हळदीच्या दिवशी गाणी सुरू झाली, आणि जिथून ती आवाज उचलायची तिथे बायका अडखळल्या. एकीने आमच्या ओट्याकडे बघितलं. मी तिथे बसलो होतो. मी बघतोय हे दिसल्यावर तिने मान खाली घातली. मग दुसरीने.

शेजारी दोन दिवसांनी आला. पाटाच्या कडेने उभा राहून म्हणाला, "मला म्हायती नव्हतं रे." मी म्हटलं, "कोणालाच नव्हतं." तो आणखी काही बोलणार होता, मग म्हणाला, "पानी आज जास्त येतंय, तुला कमी पडत नाय ना?" आणि गेला.

गेल्या आठवड्यात मी दुपारी ओट्यावर होतो आणि आतून ती गायला लागली. मी जागचा हललो नाही. ओळ तुटली, पुन्हा सुरू झाली. मग घंटी संपून बंद पडली. मग पुन्हा. तेव्हा मी आत गेलो.

नवीन पोरगी होती. नवीन कंपनीचं नाव सांगितलं तिने. आणि मग तेच नाव घेतलं, जी लावून.

म्हणजे पुसलं म्हणाले ते पुसलं नव्हतं. किंवा त्यांनी त्यांचं पुसलं आणि विश्वासू भागीदारांचं तसंच राहिलं. कुलपाचं चित्र, आठवण येईल, सगळं खोटं. मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आधी जे आलं ते राग नव्हतं.

"कौन चाहिए?" मी विचारलं.

तिने पुन्हा नाव घेतलं.

"फिर से बोलो. ऐकू नाय आलं."

तिने तिसऱ्यांदा घेतलं, जरा मोठ्याने, एकेक अक्षर सोडवून. मग मी ते नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा, तोंडाने. माझ्या आवाजात ते वेगळंच ऐकू आलं. लहान मुलीचं नाव वाटलं.

"वो गुजर गई," मी म्हटलं.

"ओह. सॉरी सर. लेकिन हमारे रिकॉर्ड में तो..." ती थांबली. "मैं अपडेट कर देती हूँ. अब कॉल नहीं आएगा, सर. पक्का."

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात लाल खूण दिसत होती, बॅटरी संपत आली की येते ती. मी वायर शोधली आणि त्याला चार्जिंगला लावलं, बरणीच्या शेजारी, नेहमीच्या जागी.